धागा: १२३४५६७८९८७६५४३२१ – नुसती देखणी, की गुणीही?

दौलतगंजवाला

मंडळी, नमस्कार. गणपतीत यंदा ग्वाल्हेरच्या आमच्या गल्लीतल्या मुलांसाठी गणिताच्या गमतींचा फळा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. जन्म हिशेबनिशीत गेला, म्हणून "काका आकड्यांतले आहेत" असा इथे सगळ्यांचा समज. माझे आकडे जमा आणि नावे एवढ्यातच फिरतात, पण बाड्यावर चार लोकांसमोर विचारलं, नाही म्हणवेना.

फळ्याच्या मध्यभागी ही संख्या लिहायचं ठरवलंय:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत चढते आणि तशीच उतरते. नऊ एके शेजारी शेजारी मांडले, म्हणजे १११११११११, आणि त्याचा वर्ग केला की ही मिळते असं शाळेत ऐकलं होतं. लिहिण्याआधी ताळा करावा म्हणून स्प्रेडशीटमध्ये गुणाकार टाकला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. भाचीने तिच्या ब्राउझरमध्ये केला, तिथे शेवटी ३२०. तीन उत्तरं, तिन्ही वेगळी.

तर विचारायचं असं की खरं कुठलं? आणि वर्ग सोडून या संख्येत मुलांना दाखवण्यासारखं अजून काय आहे? सोपं असेल तर उत्तम. खरं असलंच पाहिजे, सकाळी मोबाइलवर फिरत येतं तसलं नको.

बायनरी_भाऊ

काका, ३२१ खरं. ते ठरवायला संगणक लागतच नाही. एकक स्थानी १ असलेली संख्या स्वतःशीच गुणली तर एकक स्थानी १ च येणार. शेवटी शून्य दिसलं तिथेच दोन्ही उत्तरं बाद.

आता ती आली कुठून ते सांगतो. स्प्रेडशीट काय नि ब्राउझर काय, साधा आकडा ६४ बिटांच्या जागेत ठेवतात आणि त्यातले अंकांच्या कामाला येतात ५३. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ चा ५३ वा घात, इथपर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या नीट मावते. त्याच्या पुढे दुपटीपर्यंत फक्त सम संख्यांना जागा आहे. तुमची संख्या त्या पट्ट्यात येते आणि विषम आहे. मग शेजारच्या दोन सम संख्यांपैकी एक निवडायची, ३२० की ३२२? दोन्ही सारख्याच अंतरावर. अशा वेळी कुणाला घ्यायचं त्याचा नियम ठरलेला आहे, त्या नियमाने ३२० येते. स्प्रेडशीट आणखी कंजूष, पंधरा अंक दाखवते आणि पुढे शून्यं भरते.

तुम्ही हिशेबातले म्हणून सांगतो, सोळा अंकी क्रमांक आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक असाच शून्य होतो. त्या रकान्याला आधी मजकूर करा, मग टाका.

दौलतगंजवाला

हे सोळा अंकांचं प्रकरण आमच्या ऑफिसात एकाने भोगलंय. त्याला आज कारण कळवतो.

पोळीभाजी

मला आधी कोणी ही वाचून दाखवा. एकं दहं शतं करत कोटीपर्यंत पोचते आणि मग बोटं संपतात.

किल्ल्यावरचा_वारा

ताई, रोजच्या भाषेत: १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटीचे कोटी झाले म्हणून कानाला विचित्र लागतं.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे तिचा पहिला १ बसतो "मध्य" या स्थानावर. परार्धाला एकच पायरी कमी.

अवांतर: संख्येत एकही शून्य नाही हे लक्षात आलं का? आणि आपण राहतो शून्याच्या गावात. किल्ल्याच्या चढावर खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे, तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० हात लांब आणि १८७ हात रुंद फुलबागेचं दान आहे आणि रोजच्या ५० माळांची सोय. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच बारीक वाटोळं आहे. परगावचे लोक ते बघायला मुद्दाम येतात, आपण मात्र पाहुण्यांना वर नेताना त्याच्यासमोरून गप्पा मारत पुढे जातो.

मुरारच्या_बाई

मुलांना दाखवायचंय ना? मग संगणक बाजूला ठेवा आणि गुणाकार उभा मांडा. १११११११११ ला १११११११११ ने गुणायचं म्हणजे त्याच नऊ एक्यांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवलेली. आता उभे रकाने मोजायचे. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन. मधल्या रकान्यात नऊ. तिथून पुढे परत आठ, सात, सहा. झाली संख्या तयार. मूल चौथीतलं असलं तरी त्याला कळतं, मी करून पाहिलेलं आहे. आधी ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१ एवढं करून घ्या, पुढचं मुलं स्वतःच ओरडून सांगतात.

मग हळूच विचारायचं, दहा एके घेतले तर? सगळी म्हणतात, "बाई, नऊच्या पुढे दहा!" मांडायला लावा. मधल्या रकान्यात दहा येतात, तिथे शून्य मांडून हातचा एक. तो शेजारच्या नवाला मिळाला की तिथेही दहा, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा एक. तो आठाला मिळून नऊ होतात आणि गाडी तिथे थांबते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला, माथ्यावर दोन शून्यं. म्हणजे आपली नऊवाली संख्या या माळेतली शेवटची देखणी.

पोळीभाजी

बाई, म्हणजे सगळी करामत हातचा न येण्याची?

मुरारच्या_बाई

दिसण्याची करामत, हो. असण्याचं वेगळं. उद्या लिहिते, आता शिकवणीची मुलं आलीत.

देवळालीकडचा

मूळचा देवळालीचा, राहतो ग्वाल्हेरला, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही. या संख्यांचं बारसं आपल्या माणसाने केलंय. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा डहाणूचा, आयुष्य गेलं देवळालीत शाळामास्तरकी करण्यात. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक (सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाचे वजा करत राहिलं की शेवटी येतो तो) आता जगभर पोचलाय. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे बाहेरच्यांना नाव कळलं.

त्यांच्या "डेमलो संख्या" अशा: संख्येचे तीन तुकडे पाडायचे. मधल्या तुकड्यात एकच अंक, हवा तितक्या वेळा. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्याची बेरीज केली की तोच अंक पुन्हा पुन्हा आला पाहिजे. उदाहरणार्थ २५५३: दोन आणि तीन मिळून पाच, मध्ये ५५. किंवा ४७७७३: चार आणि तीन सात, मध्ये ७७७. आता काकांची संख्या तोडा:

१२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१

दोन्ही टोकांची बेरीज ९९९९९९९९, मध्ये ९. बसली! १, १२१, १२३२१ या सगळ्या माळेला कापरेकरांनी "अद्भुत डेमलो" म्हटलंय. आणि डेमलो हे मुंबईजवळच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या स्टेशनचं नाव, आजचं डोंबिवली. ही कल्पना त्यांना तिथे सुचली.

नर्मविनोदी

डोंबिवली स्टेशनवर उभं राहून माणसाला बेरीज सुचते हे १०० टक्के पटलं. आजही तिथे उभं राहून लोक डबे आणि मिनिटंच मोजत असतात.

देवळालीकडचा

अजून एक राहिलं. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला ते हर्षद संख्या म्हणत. इथे अंकांची बेरीज ८१. आणि १२३४५६७८९८७६५४३२१ भागिले ८१ बरोबर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे ती वर्ग आहे, उलटसुलट सारखी आहे, डेमलो आहे आणि हर्षदही आहे. काका, फळा भरला तुमचा.

कोरडा_शेरा

पाण्याची बादली घेऊन आलोय, माफ करा.

वर जे लिहिलंय ते खोटं नाही. पण त्यातलं बहुतेक त्या संख्येबद्दल नाहीच, ते आपल्या लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून ती चढते-उतरते. उलटी वाचली तरी तीच, अंकांची बेरीज ८१, तीन तुकडे, हे सगळे कपडे. उद्या माणसाला आठ बोटं असती तर हीच संख्या वेगळ्या अंकांत लिहिली असती आणि तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. "संख्येचे गुणधर्म" म्हणायचं तर कपडे बदलले तरी अंगाला चिकटून राहतील असे सांगा.

माझ्या लेखी ते असे. तिचे मूळ अवयव: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. यावरून विभाजक किती? ३ चे घात पाच प्रकारे घेता येतात, ३७ चे तीन आणि ३३३६६७ चे तीन, गुणाकार ४५. विभाजकांची ही संख्या विषम आहे, कारण विभाजक जोडीने येतात आणि वर्गमूळ तेवढं स्वतःशीच जोडी जमवतं. हे कुठल्याही लिपीत, कुठल्याही ग्रहावर ४५ च राहील. बाकी रांगोळी.

नर्मविनोदी

आले. धागा रंगणार. चहा टाकतो.

दौलतगंजवाला

कोरडासाहेब, रांगोळीही गणपतीत चालते. पण ४५ विभाजकांचं लिहून घेतलं.

मला मात्र रात्री बेरीज करताना एक दिसलं. देवळालीकरांनी तीन तुकडे पाडले, मी दोनच पाडले. उजवीकडून नऊ अंक मोजून घेतले आणि उरलेले आठ त्यांत मिळवले:

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

नऊ नव्वे! हा योगायोग की काही कारण आहे?

मुरारच्या_बाई

कारण आहे, आणि छान आहे. १११११११११ ला ९ ने भाग जातो, अंकांची बेरीजच ९ आहे. भागाकार १२३४५६७९. नीट बघा, आठ नाही त्यात. मग आपली संख्या म्हणजे १११११११११ गुणिले १११११११११. त्यातला एक ९ इकडून काढून तिकडे दिला की ९९९९९९९९९ गुणिले १२३४५६७९. आणि ९९९९९९९९९ म्हणजे एक अब्ज वजा एक. तेव्हा:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

वजाबाकी करून बघा. अब्जाच्या घरातून एक उसना घेतला म्हणून डावा तुकडा १२३४५६७८ झाला, आणि तो एक अब्ज वजा १२३४५६७९ म्हणजे उजवा तुकडा ९८७६५४३२१. आता दोन्ही तुकडे मिळवले की एक अब्जात एक कमी राहणारच. तुम्ही खात्यातून रक्कम काढून दुसऱ्या खात्यात टाकता, एकूण तेवढंच राहतं, तेच हे.

१२३४५६७९ ला ९ ने गुणलं की सगळे एके, १८ ने गुणलं की सगळे दोन, २७ ने सगळे तीन. हे मुलांना नक्की द्या. आणि संपूर्ण संख्येला ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९८००००००००१, तो ९९९९९९९९९ चा वर्ग. त्याचे दोन तुकडे मिळवले की पुन्हा ९९९९९९९९९ मिळतात. ज्या संख्येच्या वर्गाचे तुकडे मिळवून तीच संख्या परत येते तिला आज सगळीकडे कापरेकर संख्या म्हणतात.

पोळीभाजी

बाई, आठ कुठे गेला ते राहिलं.

मुरारच्या_बाई

१ ला ८१ ने भागा. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आवर्ती. मुळात ही ०, १, २, ३ अशी सगळ्या संख्यांची रांग आहे, प्रत्येक एक घर पुढे. १० आले की त्यांना दोन घरं लागतात, त्यातला १ मागे नवावर पडतो, त्याचे दहा होतात, तो हातचा आठावर पडतो आणि आठाचे नऊ होतात. दहा एक्यांच्या वर्गात झालं तेच.

आता कोरडा_शेरा यांना. तुम्ही अवयव दिलेत, पण ते कोण आहेत ते सांगितलं नाहीत. १ भागिले ३ केलं तर एक अंक आवर्ती येतो, ०.३३३… एक अंकी आवर्तन असणारी मूळ संख्या जगात तेवढीच. १ भागिले ३७ म्हणजे ०.०२७०२७…, तीन अंकी आवर्तन, तीही एकटीच. १ भागिले ३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७०००००२९९७…, नऊ अंकी. तिच्याही जोडीला कोणी नाही. असं नेहमी होत नाही. सहा अंकी आवर्तनात ७ आणि १३ दोघं आहेत, पाच अंकीत ४१ आणि २७१. आणि आपल्या संख्येत ३, ३७ आणि ३३३६६७ या एकट्यांखेरीज दुसरा मूळ अवयवच नाही, तेही १, ३, ९ लांबीचे, म्हणजे ९ चेच विभाजक. याला रांगोळी म्हणणार?

कोरडा_शेरा

सुंदर आहे, बाई, प्रश्नच नाही. पण आवर्ती दशांश हा शब्दच दशांशाचा. पाया बदला, म्हणजे दहाऐवजी दुसऱ्या एखाद्या संख्येच्या गटांनी मोजा, हे एकटेपण जाईल.

बायनरी_भाऊ

पाया बदलून पाहिला. रविवार सार्थकी लागला.

पाया ८ घ्या. ० ते ७ एवढेच अंक, म्हणून सात एके: ११११११ आणि शेवटी आणखी १. आपल्या नेहमीच्या दशमानात ही संख्या २९९५९३. तिचा वर्ग ८९७५५९६५६४९, अगदी सामान्य चेहऱ्याचा. पण पाया ८ मध्ये तोच वर्ग लिहिला की १२३४५६७६५४३२१. पाया ४ मध्ये तीन एके म्हणजे आपले २१, वर्ग ४४१, आणि पाया ४ मध्ये तो १२३२१. बाईंचा उभा गुणाकार तसाच्या तसा चालतो, कारण रकान्यात जास्तीत जास्त एके येतात पायापेक्षा एक कमी. हातचा येतच नाही.

म्हणजे प्रत्येक पायाची आपापली एक शेवटची देखणी संख्या असते. १० ची ती सतरा अंकी, ८ ची ८९७५५९६५६४९, ४ ची ४४१. कपडे आहेत हे मान्य, पण शिंपी एकच आहे.

एकट्या मूळ संख्यांबद्दल कोरडा_शेरा बरोबर. २९९५९३ = ७ × १२७ × ३३७. पाया ८ मध्ये १२७ आणि ३३७ या दोघांचंही आवर्तन सात अंकी येतं. त्या दोघांतलं कोणी एकटं नाही.

कोरडा_शेरा

हे आवडलं. १ + य + य चा वर्ग… अशी नऊ पदांची बहुपदी घ्या आणि तिचा वर्ग करा, सहगुणक १, २, ३ … ९ … ३, २, १ येतात. य च्या जागी काहीही घाला. दहा घातलं की काकांची संख्या. चढउतार त्या बहुपदीची आहे, दहा तिला फक्त जेमतेम पुरतो. एवढा भाग मी रांगोळीतून काढतो. ८१ ने भाग जाणं मात्र रांगोळीतच राहील. अंकांची बेरीज हा निव्वळ लिहिण्याचा प्रकार आहे.

अर्धवट_अभियंता

बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज लिहितो. कोणत्याही पायात टिकणारं हवं ना, मग हे घ्या. ३७ ला ४ ने भागलं तर बाकी १ उरते, आणि अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच: ३६ + १. त्यातून ३७ हा पूर्णांकी काटकोन त्रिकोणाचा कर्ण होतो: १२, ३५, ३७. आता १११११११११ = ३७ × ३००३००३. तिन्ही बाजू ३००३००३ पट मोठ्या करा:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

म्हणजेच १२३४५६७८९८७६५४३२१. आणि या कर्णाचं पायथागोरसचं त्रिकूट एवढं एकच आहे. कारण ४ ने भागून १ बाकी उरणारा अवयव त्यात फक्त ३७, तोही एकदाच. ३ आणि ३३३६६७ दोघांची बाकी ३, त्यांचा इथे उपयोग नाही. हे पाया बदलून हलणार नाही.

देवळालीकडचा

३६०३६०३६ आणि १०५१०५१०५! अरे, कसली देखणी बाजू आहे ही. काका, फळ्यावर त्रिकोण काढा, बाकी पुसा.

दौलतगंजवाला

बाजू स्प्रेडशीटमध्ये तपासायला गेलो आणि मध्येच थांबलो. वहीत केलं. जुळलं.

कोरडा_शेरा

अभियंते, शाबास. याला मी संख्येचा गुण म्हणतो. त्रिकोण खरा, ८१ दिखाऊ. माझी यादी पक्की.

मुरारच्या_बाई

थांबा जरा. ८१ ला इतक्यात हाकलू नका.

उभ्या गुणाकाराकडे परत या. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एके, एकूण एके ८१. हातचा नसल्याने उत्तरातल्या अंकांची बेरीज म्हणजे त्या सगळ्या एक्यांची गणती. म्हणून ८१, ९ चा वर्ग. आता भाग का जातो? नऊ एक्यांच्या संख्येच्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ९ च्या वर्गाने.

यात दहा कुठे लागला? पाया ८ मध्ये सात ओळी, सात एके, बेरीज ४९. आपल्याला ९ ची कसोटी आहे तशी तिथे ७ ची कसोटी लागते, म्हणून २९९५९३ ला ७ ने भाग जातो, ४२७९९. तेव्हा वर्गाला ४९ ने जाणारच. पाया ४ मध्ये बेरीज ९, आणि ४४१ भागिले ९ बरोबर ४९. कोणताही पाया घ्या, त्याची शेवटची देखणी संख्या त्या पायात हर्षद असते. एकालाही अपवाद नाही.

बायनरी_भाऊ

आणि मी त्रिकोण चालवून पाहिले. पाया ३ ते १०, प्रत्येकाचं "सगळे एके" हे कर्ण होतं का? ४ नाही. २१ नाही. १५६ हो: ६०, १४४, १५६. १५५५ हो. १९६०८ नाही. २९९५९३ हो: १५५५७५, २५६०३२, २९९५९३. ५३८०८४० हो. आणि आपलं १११११११११ हो. म्हणजे पाया ३, ४ आणि ७ ला त्रिकोणच मिळत नाही.

कोरडा_शेरा

म्हणजे मी जे दिखाऊ म्हटलं ते प्रत्येक पायात टिकतं, आणि ज्याला शाबासकी दिली ते पायागणिक असतं-नसतं. हे बसून बघावं लागेल. संख्येच्या जागी संख्येचं कुटुंब घेतलं की यादीच फिरते.

पण हो-नाहीला काही नियम असणार. ५ आणि ९ दोन्ही हो, हे सहज झालेलं वाटत नाही.

मुरारच्या_बाई

सहज नाहीच. ५, ९, १३ यांना ४ ने भागलं की १ उरतो, म्हणून तिथल्या एक्यांची संख्या ४ च्या पटीत. मग त्या संख्येला "पायाचा वर्ग अधिक १" याने भाग जातो. ५ साठी २६, ९ साठी ८२. असल्या संख्येतला २ काढला की उरलेल्या प्रत्येक मूळ अवयवाची ४ ने बाकी १ च असते. २६ मध्ये १३, ८२ मध्ये ४१. म्हणून या पायांना त्रिकोण मिळणारच. ६ चं त्याहून सोपं: ५ ची कसोटी लागते, १५५५ ला ५ ने भाग जातो, आणि ५ स्वतःच ३, ४, ५ वाला कर्ण. ११ आणि १६ लाही तसंच, एक कमी केला की उरतात १० आणि १५, त्यांत ५ आहेच.

राहिले ८ आणि १०. यांना यातलं कुठलंच कारण लागू पडत नाही. अवयव पाडून बघायचं आणि जे निघेल ते घ्यायचं. ८ ला ३३७ मिळाला, १० ला ३७. सातच्या वाट्याला १९ आणि ४३ आले, दोघांचीही बाकी ३.